राखीचे पाकीट : टपालाने जाणाऱ्या लहान घन वस्तूंच्या आवरणरचनेची समीक्षा (माळशिरस तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

समीक्षा म्हटले की मराठीत प्रामुख्याने साहित्यकृती, नाट्यप्रयोग किंवा चित्रशिल्पादी कलाकृती डोळ्यांसमोर येतात. दैनंदिन वापरातील वस्तूंची रचना हाही मानवी निर्मितीचाच आविष्कार होय. तथापि तिच्या गुणदोषांची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे. टपालाचे पाकीट ही अशीच एक उपेक्षित वस्तू आहे. ते फाडून टाकण्यासाठीच जन्माला येते, म्हणून त्याच्या रचनेकडे कोणी निरखून पाहत नाही. मात्र पाकिटात कागदाऐवजी एखादी लहान घन वस्तू, म्हणजे मणी, खडा, नाणे, किल्ली किंवा बियाणे, घातली की त्याच्या रचनेतील सारे दोष उघडे पडतात.

महाराष्ट्रात अशी वस्तू पाकिटात घालण्याचा सर्वाधिक परिचित प्रसंग म्हणजे नारळी पौर्णिमेपूर्वी बहिणीने भावाला पाठविलेली राखी. प्रस्तुत लेखात राखीच्या पाकिटाची, त्यातही टपाल खात्याने विक्रीस ठेवलेल्या खास राखी पाकिटाची, रचनेच्या दृष्टीने समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका हा संदर्भ म्हणून घेतला आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरील ऊसशेती आणि अकलूज-माळीनगर परिसरातील साखर कारखानदारी ही या तालुक्याची एक बाजू, तर पर्जन्यछायेतील कोरडवाहू पट्टा ही दुसरी. शिक्षण, नोकरी वा सैन्यदल यांनिमित्त घरातील एखादा मुलगा पुण्या-मुंबईस किंवा त्याहून दूर असणे ही येथील नित्याची बाब आहे. माळशिरस गावास रेल्वे नसल्याने टपालाची थैली रस्त्यानेच बाहेर पडते. म्हणजेच येथून निघालेल्या राखीला अनेक हात, अनेक थैल्या आणि अनेक वाहने पार करावी लागतात.

पत्र आणि वस्तू

पाकीट ही मुळात कागदासाठी कागदाची केलेली घडी आहे. आतील पत्र आणि बाहेरचे आवरण यांचा स्वभाव एकच असतो. दोन्ही सपाट, दोन्ही लवचिक आणि दोन्ही दाबाखाली सारखेच वागणारे. वाकवले तर दोन्ही एकत्र वाकतात. त्यामुळे पत्राच्या पाकिटास केवळ गुप्तता राखणे आणि पत्ता वागविणे एवढीच दोन कामे उरतात. पत्ता वागविण्याच्या कामात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड अमलात आला आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूवर सहा अंकांचे स्थान पक्के झाले. माळशिरसचे ४१३१०७ हे अंक वाचले जाण्यासाठी ती बाजू सपाट राहणे आवश्यक असते.

घन वस्तूचा स्वभाव याच्या नेमका विरुद्ध असतो. ती वाकत नाही, तिला जाडी असते, तिचा भार एका बिंदूशी एकवटलेला असतो आणि मोकळी असल्यास ती पाकिटात फिरते. जुन्या टपाल व्यवस्थेने हा भेद ओळखला होता. पत्राहून वेगळा असा नमुन्यांच्या पाकिटांचा वर्ग भारतीय टपालात होता; वस्तूसाठी पार्सल होते. कापडात शिवलेले आणि टाक्यांच्या सांध्यांवर लाखेची मोहोर उमटवलेले पार्सल हे तर एके काळच्या प्रत्येक डाकघरातील परिचित दृश्य होते. त्या शिवणीमागे स्पष्ट विचार होता. कापड फाटण्यापूर्वी ताणले जाते, शिवण सुटली तर ती दिसते आणि मोहोर मोडली तर चोरी कळते. राखी मात्र या दोन्ही वर्गांच्या मधोमध अडकली आहे. ती वस्तू असूनही पत्राच्या पाकिटातून आणि पत्राच्या दरात प्रवास करते. तिच्या रचनेचा सारा प्रश्न या दुहेरी ओळखीतून निर्माण होतो.

प्रवासातील आघातांचे स्वरूप

राखीच्या पाकिटावर होणारे आघात साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला आघात शिक्क्याचा. डाकघरात तिकिटावर तारखेचा शिक्का हाताने ठोकला जातो. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात असते; राखीचा मणी घरंगळत त्याच कोपऱ्यात गेला, तर शिक्क्याचा घाव थेट मण्यावर बसतो. दुसरा आघात दाबाचा. पाकिटांचे गठ्ठे बांधले जातात, गठ्ठे थैलीत जातात आणि थैल्या एकमेकींवर रचल्या जातात. शेजारच्या पाकिटांचा भार सपाट कागदावर पसरतो, परंतु फुगवट्यावर एकवटतो. तिसरा आघात वाकण्याचा. महानगरांतील यांत्रिक वर्गवारीत पाकीट पट्ट्यांमधून आणि रुळांमधून वेगाने सरकते. मुंबईत १९९३ मध्ये आणि चेन्नईत १९९६ मध्ये अशी वर्गवारी सुरू झाली. रुळाभोवती वळताना कागद वाकतो, आतील घन वस्तू वाकत नाही. पाकीट एकाएकी थांबले तर मोकळी वस्तू जडत्वाने पुढे सरकते आणि पाकिटाची कड आतून भेदते. रिकामे, एका कडेला भोक पडलेले पाकीट घरी पोहोचते ते याच कारणाने. त्यामागे दर वेळी कोणाची लबाडीच असते असे नाही. चौथा आघात पाण्याचा. राखीचा काळ हा श्रावणाचा काळ. माळशिरसच्या कोरड्या पट्ट्यात बंद केलेले पाकीट पुण्याच्या रिपरिपीत किंवा मुंबई-कोकणच्या मुसळधार पावसात वाटले जाते. पाठविणारीच्या अंगणातील हवेवरून पाकिटाची निवड झाली, तर ती चुकण्याचा संभव असतो.

या चार आघातांत पाणी हा एकच आघात डोळ्यांना दिसणारा आहे. उरलेले तीन बंद थैलीत आणि यंत्रात घडतात. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

टपाल खात्याचे राखी पाकीट : गुण

गेल्या काही वर्षांत टपाल खात्याच्या विविध परिमंडळांनी राखीसाठी खास पाकिटे विक्रीस ठेवली आहेत. ती पाण्यापासून सुरक्षित, सहजासहजी न फाटणारी, चिकट कडेची आणि राखीचे रंगीत चित्र छापलेली असतात. दिल्ली परिमंडळाने अशा पाकिटाचा आकार ११ × २२ सेंटिमीटर आणि किंमत टपालहशील वगळून १० रुपये अशी जाहीर केली होती. या रचनेचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पावसाचा प्रश्न तिने बऱ्याच अंशी सोडविला आहे. शाई पसरून पत्ता पुसला जाणे, डिंक सुटून पाकीट उघडे पडणे या जुन्या तक्रारींना तिने उत्तर दिले आहे. न फाटणाऱ्या द्रव्यामुळे कडेला भोक पडण्याचे प्रमाणही कमी होणे अपेक्षित आहे.

तिचा आणखी एक गुण सहसा लक्षात येत नाही. रंगीत छपाई ही केवळ सजावट नाही. हजारो पांढऱ्या-पिवळ्या पाकिटांत राखीचे पाकीट चटकन वेगळे ओळखू येते; त्यामुळे वर्गवारी करणाऱ्यास ते बाजूला काढता येते आणि सणापूर्वी त्याचा बटवडा करणे सुकर होते. पाकिटाच्या दर्शनी रूपाचा असा व्यवस्थेसाठी केलेला वापर हा उत्तम रचनेचा नमुना होय.

टपाल खात्याचे राखी पाकीट : उणिवा

तथापि हे पाकीट राखीकडे एक हंगाम म्हणून पाहते, वस्तू म्हणून पाहत नाही. पावसाळ्यात जाणारे आणि विशिष्ट तिथीपूर्वी पोहोचावयाचे टपाल एवढीच राखीची व्याख्या त्यात गृहीत धरलेली दिसते. आत काय आहे, ते किती जाड आहे, कोठे राहणार आहे, या प्रश्नांना त्यात उत्तर नाही. ते एक रिकामा कप्पा देते आणि उर्वरित जबाबदारी पाठविणारीवर सोपवते.

पहिली उणीव स्थैर्याची. एका मनगटाएवढ्या वस्तूसाठी २२ सेंटिमीटर लांबीचा मोकळा कप्पा म्हणजे तिला फिरण्यास दिलेले मैदानच होय. दुसरी उणीव भाराच्या वाटपाची. न फाटणे आणि न दबणे हे दोन भिन्न गुणधर्म आहेत. चिवट द्रव्य स्वतः शाबूत राहते, पण दाब तसाच आत पोहोचवते. अशा पाकिटात पाकीट अखंड आणि आतील खडा फुटलेला, अशी विसंगती संभवते. तिसरी उणीव उघडण्याची. कप्पा जितका चिवट तितका तो हाताने उघडणे अवघड. मग कात्री येते आणि घाईत राखीचा दोराच कापला जातो. ओढून काढता येईल अशी पट्टी कडेला असती, तर हा धोका टळला असता.

या संदर्भात मराठी घरातील राखीच्या पाकिटात राखीसोबत जाणाऱ्या दोन गोष्टींचा विचार उद्बोधक ठरतो : कुंकू आणि अक्षता. कुंकू हे सूक्ष्म चूर्ण आहे. पुडी सुटली की ते पत्र, राखी आणि पाकीट सारे रंगवून टाकते. अक्षता हे लहान घन दाणे आहेत. अक्षत म्हणजे न मोडलेला, अखंड. औक्षणात तांदूळ अखंड असावा असा संकेत आहे आणि शिक्क्याच्या एका घावाने तो संकेत मोडतो. पाकिटाच्या रचनेची कसोटी म्हणून याहून नेमका शब्द शोधावा लागत नाही. पाकीट पोहोचणे हे टपालव्यवस्थेचे यश आहे. आतील दाणा अक्षत पोहोचणे हे रचनेचे यश आहे. टपाल खात्याचे पाकीट पहिल्या कसोटीस उतरते; दुसरी कसोटी त्याने स्वतःस लावून घेतलेली नाही.

घरगुती रचना : टाका, पुठ्ठा आणि पुडी

उपरोक्त उणिवांची उत्तरे माजघरात फार पूर्वीपासून दिली जात आहेत. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्यावर राखी ठेवणे आणि दोऱ्याच्या दोन टाक्यांनी ती पक्की करणे ही युक्ती घरोघरी परिचित आहे. कुंकवाची आणि अक्षतांची घडीची पुडी बांधून ती पत्राच्या घडीत मधोमध ठेवणे हीही तशीच युक्ती. या कृतींना कोणी रचना म्हणत नाही, कारण त्या स्त्रिया करतात आणि त्यांना नाव नाही. वास्तविक त्यांत तीन तत्त्वे पूर्णपणे आली आहेत. टाक्याने वस्तू स्थिर होते. पुठ्ठ्याने भार पसरतो. पुडीने चूर्ण आणि दाणे यांना स्वतंत्र कप्पा मिळतो, आणि तोही डिंकाशिवाय.

भार पसरण्याचे गणित सोपे आहे. एका मण्याचा पृष्ठभाग १ चौरस सेंटिमीटर मानला आणि त्यावर १ किलोचा भार आला, तर तो सारा भार त्या १ चौरस सेंटिमीटरवर पडतो. मणी ८ × ८ सेंटिमीटरच्या जाड पुठ्ठ्याच्या खिडकीत बसविला आणि पुठ्ठ्याची जाडी मण्याएवढी असली, तर तोच भार सुमारे ६४ चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो. प्रत्यक्षात वाटप इतके आदर्श नसते, परंतु दिशा हीच असते. येथे चौकट हा खरा आधार आहे. वरून नुसता कागद झाकल्याने मणी दिसेनासा होतो, सुरक्षित होत नाही.

वस्तूच्या स्वभावाचा विचार मात्र आधी हवा. रेशमी गोंड्याची राखी दाबली तरी पुन्हा फुलते. तिला टाका पुरेसा आहे. खडे, मणी किंवा धातूचे पदक असलेल्या राखीस चौकट लागते. लहान मुलांसाठीच्या दिव्यांच्या राखीत सेल असतो. ती पाकिटातून न पाठविणेच श्रेयस्कर, कारण दाबाने सेलला इजा होऊ शकते. सर्वांसाठी एकच पाकीट ही कल्पनाच त्यामुळे तपासून पाहण्याजोगी आहे. मोठी वस्तू दोन-तीन पातळ भागांत शेजारी शेजारी मांडून पाकीट लवचिक ठेवणे, किंवा ते पूर्णपणे ताठ करून हाताने हाताळण्याचे टपाल म्हणून पाठविणे, हे दोन सुसंगत मार्ग आहेत. मऊ पाकिटात ताठ गोळा हा मार्ग मात्र यंत्रालाही चालत नाही आणि हातालाही.

वजनाचे गणित

सुरक्षिततेचा प्रत्येक थर वजन वाढवितो आणि देशांतर्गत साध्या पत्राचे टपालहशील २० ग्रॅमच्या टप्प्याने आकारले जाते. म्हणून रचनेचा विचार ग्रॅममध्ये करावा लागतो. प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा पुठ्ठा ११ × २२ सेंटिमीटर आकारात घेतला, तर एका थराचे वजन सुमारे ७.३ ग्रॅम भरते. दोन थरांचे १४.५ ग्रॅम. पाकिटाचे ५ ग्रॅम मिळविले की राखी घालण्यापूर्वीच २० ग्रॅमची मर्यादा गाठली जाते. त्याऐवजी ८ × ८ सेंटिमीटरचे दोन थर घेतले, तर वजन ४ ग्रॅमहूनही कमी होते आणि राखी, पत्र व पुडीसाठी सुमारे ११ ग्रॅम शिल्लक राहतात. मात्र लहान पुठ्ठा मोठ्या पाकिटात सरकतो. म्हणून तो पत्रास टाचावा किंवा पाकिटाच्या आतील बाजूस चिकटवावा लागतो, आणि त्याचे कोपरे गोल करावे लागतात.

हे गणित चुकले तर त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. अपुऱ्या तिकिटांचे पत्र नॉटपेड ठरते आणि तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल केली जाते. बहिणीने काळजीपोटी घातलेल्या जाड पुठ्ठ्याचा दंड भाऊ भरतो. सुरक्षिततेची किंमत आधी कळावी ही अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते. पाकिटाच्या मागील बाजूस रिकाम्या पाकिटाचे वजन छापले, तरी आत किती ग्रॅम घालता येतील हे पाठविणारीस समजू शकेल.

जबाबदारीचा प्रश्न

रचनेची चिकित्सा अखेरीस जबाबदारीच्या प्रश्नाशी येऊन थांबते. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने नीट संरक्षित न केलेले धारदार हत्यार किंवा इतर टपालास इजा करू शकेल अशी वस्तू पाठविण्यास मनाई केली होती. म्हणजे आवरण नीट असण्याचे दायित्व पाठविणाऱ्यावर होते. त्याच कायद्याने टपाल गहाळ होणे, उशिरा पोहोचणे वा त्याची हानी होणे याबाबत शासनास सर्वसाधारण दायित्वातून मुक्त केले होते. या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा टपाल कायदा जून २०२४ मध्ये अमलात आला. त्यातही नियमांनी ठरविलेले अपवाद वगळता दायित्वमुक्तीचे तत्त्व कायम आहे.

कोट्यवधी टपालवस्तू अल्प दरात वाहणाऱ्या सार्वजनिक व्यवस्थेस अशी मुक्ती काही प्रमाणात आवश्यक आहे, हे मान्य करता येईल. परंतु खाते जेव्हा स्वतःच विशिष्ट वस्तूसाठी विशिष्ट पाकीट विकते, तेव्हा परिस्थिती बदलते. ‘राखीचे पाकीट’ या नावातच ते राखीसाठी योग्य असल्याचे आश्वासन गर्भित आहे. कायद्याने दायित्व नाकारले, तरी रचनेचे नैतिक दायित्व त्यामुळे संपत नाही. नोंदणीचा मार्ग हे यावरील उत्तर नव्हे. २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आले. या सेवेमुळे पाकिटाचा माग लागतो, पण त्यासाठी साध्या पत्राच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि आतील मण्यावरील दाब त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

परदेशी राहणाऱ्या भावाच्या बाबतीत राखीची दुहेरी ओळख अधिकच जाचक होते. आंतरराष्ट्रीय टपालात कागदपत्रे आणि माल असा भेद केला जातो आणि माल असलेल्या पाकिटास सीमाशुल्क घोषणापत्र जोडावे लागते. तेथे राखी हे पत्र नसून माल आहे. अमेरिकेच्या आयातशुल्कविषयक नव्या नियमांमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्या देशाकडे जाणाऱ्या टपालाची स्वीकृती काही काळ थांबविली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. लहानशा घन वस्तूचा कोणत्या वर्गात समावेश होतो, यावर तिचा प्रवासच अवलंबून असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. टपाल खात्याच्या राखी पाकिटाने पाऊस आणि वर्गवारी या दोन प्रश्नांना समर्थ उत्तर दिले आहे; मात्र शिक्का, दाब आणि वाकणे या न दिसणाऱ्या आघातांचा विचार त्यात अपुरा आहे. त्या आघातांवरील उपाय महागडे नाहीत. आकार लहान करणे, आत दोरा ओवण्यासाठी छिद्रे पाडलेला सुमारे ४ ग्रॅमचा पुठ्ठा देणे, घन वस्तू तिकिटापासून दूर डाव्या खालच्या भागात ठेवण्याची खूण छापणे, कडेला ओढपट्टी लावणे आणि पाकिटाचे वजन नमूद करणे, एवढ्या पाच बदलांनी हे पाकीट खऱ्या अर्थाने राखीचे होऊ शकेल.

हे पाचही उपाय नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही. टाका, पुठ्ठा आणि पुडी यांच्या रूपाने त्यांतील मुख्य तत्त्वे घराघरांत वापरात आहेत. या अनाम ज्ञानाची नोंद घेऊन ते छापील पाकिटात आणणे हे रचनाकाराचे काम होय, आणि ते तपासून पाहणे हे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. पदार्थविज्ञान, गृहविज्ञान आणि वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन एका श्रावणात माळशिरसहून निरनिराळ्या रचनांची पाकिटे निरनिराळ्या गावी पाठवावीत आणि आतील किती दाणे अक्षत पोहोचले ते मोजावे. या प्रकल्पास लागणारा खर्च तिकिटांपुरता मर्यादित आहे. त्यातून हाती येणारी आकडेवारी टपाल खात्यालाही उपयुक्त ठरेल, आणि पाच रुपयांच्या तिकिटावर विश्वासून राखी पाठविणाऱ्या बहिणीला तिच्या पाकिटाबद्दल खात्रीने काही सांगता येईल.